काजू सोलणीचा किलोमागचा दर आणि किमान वेतन: कमी सोलणाऱ्या बाईचा हिशेब कसा करायचा?

प्रश्न (युनिटचालक, दोडामार्ग)

आपल्याकडच्या लहान काजू युनिटांत फोडणी आणि सोलणी वजनावरच चालते. हात चालेल तेवढे किलो, किलोमागे ठरलेला दर आणि शनिवारी हिशेब. वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्यावर बाजारात तीन गोष्टी ऐकू येतात. देशभर एकच मजुरी येणार, ती दिवसाला 176 रुपये आहे, आणि वजनावरच्या कामाला ती लागत नाही. यातलं खरं काय? आणि किमान वेतन काटेकोर दिलं तर लहान युनिट टिकेल का? आकड्यांनिशी सांगणारं कुणी असेल तर बरं.

उत्तर (कामगार कायद्याचं काम, कुडाळ)

तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

176 रुपये हा 1 जून 2017 पासूनचा राष्ट्रीय तळ-दर, म्हणजे ज्याखाली मजुरी जाऊ नये असा दर. त्यामागे कायदा नव्हता, राज्यांना तो फक्त सुचवलेला होता. संहितेच्या कलम 9 ने तळाला कायद्याचं बळ दिलं. केंद्राने ठरवलेल्या तळाखाली राज्याचा दर जाऊ शकत नाही आणि राज्याचा दर आधीच वर असेल तर तो खाली आणता येत नाही. वेगवेगळ्या भूभागांना वेगवेगळा तळही ठरवता येतो, म्हणजे 'देशभर एकच' हेही खरं नाही. तुम्ही पाहायचा तो महाराष्ट्राचा दर: तुमचं परिमंडळ, कामाची वर्गवारी (कुशल, अर्धकुशल, अकुशल), मूळ दर आणि त्यावर विशेष भत्ता. हा भत्ता जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो. भिंतीवर जुना तक्ता राहिला की सहा महिने नकळत कमी मजुरी जाते आणि थकबाकी साचते.

आता वजनाचं. कलम 12 स्पष्ट आहे: किलोचा किमान दर सरकारने ठरवलेला नसेल आणि दिवसाचा ठरलेला असेल, तर वजनावर काम करणाऱ्यालाही दिवसाच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. समजा माहेवार दर 13,000 आहे (आकडा फक्त उदाहरणासाठी). त्याला 26 ने भागायचं, दिवसाचे 500. पुष्कळजण 30 ने भागतात आणि 433 धरतात, तिथेच रोजचे 67 रुपये बुडतात. सोलणीचा दर किलोला 36 असेल तर 14 किलो सोलणारीला 504 मिळतात, ती बरोबर. 10 किलो सोलणारीचे 360 होतात, तिला वर 140 द्यायला हवेत. दर बेतताना सर्वांत चपळ हात धरू नका, सरासरी हात धरा. युनिटची सरासरी साडेबारा किलो असेल तर किलोला 40 हा दर बसतो, आणि त्याखाली राहणारीला फरक द्यायचाच.

वजन का घटतं तेही बघा. गर बोरम्यात (सुकवायच्या भट्टीत) साधारण 70 अंशांवर सहा ते आठ तास नीट सुकला नाही की साल चिकटून राहते. नखाने खरवडावी लागते, वेळ दुप्पट जातो आणि अख्ख्या गराची पाकळी होते. हा दोष बोरम्याचा, पण घट बाईच्या मजुरीत दिसते. पावसात वीज गेली किंवा गर वेळेवर आला नाही आणि ती कामाला तयार बसून राहिली, तर कलम 10 नुसार तिला पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. तुकडा जास्त झाला म्हणून परस्पर पैसे कापणंही चालत नाही. दंड करायचा तर आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या 3 टक्क्यांच्या वर जात नाही.

रोजचे किलो आणि तास रोज लिहा, नुसती शनिवारची बेरीज नको. तक्रार झाली तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे (कलम 59). दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, भरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते आणि कमी वेतनाचा दंड 50,000 रुपयांपर्यंत आहे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा.

उत्तर (अर्थशास्त्राची प्राध्यापक, रत्नागिरी)

युनिट टिकेल का, याचं उत्तर गराच्या खर्चात शोधा. एक किलो गराला साधारण चार किलो काजूबी लागते. बी किलोला 10 रुपयांनी महागली की गराचा खर्च 40 ने वाढतो. वरच्या उदाहरणात सोलणी 36 ची 40 झाली तर वाढ 4 रुपयांची. फोडणी, प्रतवारी धरून ती 15 झाली तरी बीच्या एका हेलकाव्याच्या निम्मीसुद्धा नाही. तरी मालकाला मजुरीच आधी दिसते, कारण बीचा भाव आफ्रिकेतून येणाऱ्या मालावर आणि गराचा भाव व्हिएतनामच्या स्पर्धेवर हलतो, ते त्याच्या हाती नाही. मजुरी हाती आहे, म्हणून कात्री तिथे लागते. हे मला फार खटकतं.

मजुरी वाढली की रोजगार घटतोच, असा नियम नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एप्रिल 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर झालं. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करत 410 खाद्यगृहं तपासली, त्यांना नोकऱ्या घटलेल्या आढळल्या नाहीत. एक कारण आपल्याकडे उघड दिसतं. दोडामार्गातला पुरुष गोव्यात कामाला जातो, म्हणून त्याची मजुरी गोवा ठरवतो. बाईला घर आणि एसटीची वेळ सांभाळून चालत जाण्याच्या अंतरात एखाददुसरंच युनिट असतं, म्हणून तिची मजुरी ते युनिट ठरवतं. अशा ठिकाणी दर योग्य इतका वाढला तर घरी बसलेल्या बायकाही कामाला येतात.

पण दर राज्याराज्यांत फार वेगळे असले की माल सरकतो. केरळातल्या कोल्लमच्या काजू कारखान्यांचं बरंच काम कमी मजुरीसाठी सीमेपलीकडे तमिळनाडूत गेलं. राष्ट्रीय तळाचा खरा उपयोग इथे आहे: चंदगड, बेळगाव, गोवा आणि सिंधुदुर्ग यांनी एकमेकांच्या बायकांची मजुरी पाडून धंदा ओढू नये. मात्र तळ फार खाली ठेवला तर तो कुणालाच अडवत नाही. 2019 मध्ये केंद्राने याच कामासाठी नेमलेल्या सत्पथी समितीने जुलै 2018 च्या किमतींवर दिवसाला 375 रुपये सुचवले होते. 2017 च्या 176 शी तुलना करून पाहा.

प्रश्नकर्ता

फरकाचं समजलं, या शनिवारपासून रोजची वही घालतो. काही युनिटं गर घरोघर सोलायला देतात, तिथे काय?

उत्तर (कामगार कायद्याचं काम, कुडाळ)

भाऊ, कायद्याची सगळ्यात कच्ची जागा हीच. 1948 च्या किमान वेतन कायद्यात माल घरी नेऊन काम करणाऱ्याचा व्याख्येतच उल्लेख होता, संहितेच्या व्याख्येत तो तसा दिसत नाही. म्हणून वाद होऊ शकतो. तरी कागद ठेवा: दिलेला गर, परत आलेला गर, तुकडा, किलोचा दर, तारीख आणि तिची सही. तास मोजता येत नाहीत, म्हणून दर युनिटातल्या सरासरी हातावरच ठरवा. घरी काम म्हणून दर कमी, हे करू नका. जागा आणि दिवा तिचाच जळतो.

उत्तर (बागायतदार, देवगड)

आंब्यातली चूक वेगळी, ती जेवणाची. बागेत राहणाऱ्या नेपाळी राखणदारांना आणि घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन काढणी करणाऱ्या गड्यांना दोन वेळचं जेवण दिलं की पुष्कळजण मजुरी निम्मी धरतात. वस्तूरूपात दिलेलं एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येतं. दिवसाचे 500 असतील तर जेवणाचे जास्तीत जास्त 75, रोख 425 द्यायचेच. पेटी भरायला रात्री थांबवलं तर नेहमीच्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर. शेतीकामाला पाचपेक्षा जास्त माणसं नसतील तर नोंदवहीची सक्ती नाही, पण निरीक्षकाने मागितल्यावर पैसे दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणून उचल आणि हंगामाअखेरचा हिशेब बँकेतूनच करा, आणि गावी जायच्या दिवशी नव्हे, आधी.