विनिमय, विनियम आणि वीज: 'रेग्युलेटरी स्ट्रक्चर'ला काय म्हणावं?

पाटीपुस्तक
एका कंपनीच्या टिपणाचं मराठी करतेय. त्यांना विजेच्या फ्युचर्सचा (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवण्याच्या सौद्यांचा) नवा बाजार काढायचाय आणि तो कुणाच्या अखत्यारीत काढावा, एवढाच टिपणाचा विषय. एक वाट सेबीकडून, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या मंडळाकडून, एक्स्चेंज म्हणून मान्यता घेण्याची, दुसरी केंद्रीय वीज आयोगाकडे पॉवर एक्स्चेंज म्हणून नोंदणी करण्याची.

मी 'विनियामक संरचना' लिहिलं. 'एक्स्चेंज'ला 'विनिमय केंद्र', 'रेग्युलेशन्स'ना 'विनियम'. मुद्रितशोधकाला वाटलं, बाईंचा हात सरकला. त्याने एका झटक्यात सगळ्या 'विनियमां'चे 'विनिमय' केले. आता मसुद्यात 'विनिमय केंद्राने विनिमयांचे पालन करणे बंधनकारक आहे' असं वाक्य आहे. कंपनीतल्या कुणालाही ते खटकलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

तर नियामक, विनियामक की नियंत्रक? आणि 'स्ट्रक्चर' म्हणजे संरचना, चौकट की आणखी काही?

खोडरबर
पंख्याचा असतो तो रेग्युलेटर. गॅसच्या टाकीवर असतो तोही रेग्युलेटर. मराठीच आहे की!

जुनं_खोड
थट्टा बाजूला ठेवू. कायद्याच्या मराठीत नियम आणि विनियम एक नव्हेत. नियम सरकार करतं, विनियम कायद्याने नेमलेलं मंडळ किंवा आयोग करतो. तिसरे उपविधी. ते संस्था स्वतःपुरते करते. मुंबईत फ्लॅट असलेल्या कुणालाही हा शब्द सांगावा लागत नाही, पार्किंगच्या भांडणात तो हमखास निघतो. सेबी आणि वीज आयोग विनियम करतात, म्हणून ते विनियामक. ताईंचा शब्द बरोबर होता. मुद्रितशोधक बदला.

लोडशेडिंग
काका, मग आपल्याच राज्याच्या आयोगाचं नाव 'महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग' कसं? 'विनियामक' दिल्लीच्या हिंदी पाटीवर असतं. आणि एक्स्चेंजला स्वतःचेही नियम, उपविधी आणि विनियम असतात. विनियम करतो तो विनियामक म्हणाल, तर ज्याच्यावर देखरेख करायची तोसुद्धा विनियामकच ठरला.

मी वीजखरेदीच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं विषयाचं. सेबीखालच्या बाजारात वीज कुणी कुणाला देत नाही. मुदत संपली की भावातला फरक पैशांत चुकता करायचा आणि घरी जायचं. वीज आयोगाकडे प्रत्यक्ष वीज पोचवण्याचे सौदे, म्हणजे तारा, वेळापत्रक, ग्रिड सगळं आलं. ही वाटणी होईपर्यंत दहाएक वर्षं गेली. आधी वायदे बाजार आयोग (तेव्हा वायद्यांवर देखरेख तो करायचा) म्हणायचा वायदा आहे, आमचा. वीज आयोग म्हणायचा वीज आहे, आमची. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मिटलं. तोवर वायदे बाजार आयोग सेबीत विलीन होऊनही (सप्टेंबर २०१५) सहा वर्षं लोटली होती. एमसीएक्स आणि एनएसई या सेबीखालच्या एक्स्चेंजवर विजेचे वायदे सुरू व्हायला पुढे जुलै २०२५ उजाडला. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय.

म्हणून ताई, नियामक लिहा की विनियामक, फरक पडत नाही. 'मान्यता' आणि 'नोंदणी' यांची मात्र अदलाबदल करू नका. सेबीवाल्या बाजाराला १९५६ च्या रोखे कायद्याखाली *मान्यता* लागते, वीज आयोगाकडे *नोंदणी* होते. तिथे शब्द चुकला तर अर्ज भलत्याच टेबलावर जाईल.

पाटीपुस्तक
बापरे. मी दोन्हीकडे 'परवानगी' लिहिलंय. बदलते.

काळबादेवीचा
इथे 'वायदा' हा चांगला घरातला शब्द असताना 'व्युत्पन्न' कुणी आणला नाही याबद्दल आभार. डेरिव्हेटिव्हला, म्हणजे दुसऱ्या मालाच्या भावावर बेतलेल्या कराराला, सरकारी कागदात 'व्युत्पन्न' म्हटलेलं पाहिलंय. आमच्या शाळेत संस्कृतच्या सरांना व्युत्पन्न पंडित म्हणायचे. 'ऊर्जा व्युत्पन्न बाजार' वाचलं की उपरणं घेतलेले चार शास्त्री ट्रान्सफॉर्मरखाली उभे दिसतात.

माझे आजोबा कापसाच्या पेढीवर मेहताजी होते. मुंबईत कापसाचे वायदे १८७५ पासून रीतसर चालत, हे ते अशा थाटात सांगायचे की जणू स्वतः हजर होते. वायदा म्हणजे वादा, अरबीतून आलेला, दिलेला शब्द. त्यांच्या तोंडी नियामक-बियामक नव्हतं. भांडण झालं की 'पंच बसले' म्हणायचे. पुढे न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावायची टूम निघाली, त्याचाच मटका झाला. त्यालाही सगळे 'बाजार'च म्हणत! म्हणून मला 'विनिमय केंद्र' रुचत नाही. रोजगार विनिमय केंद्रात मी तीन वर्षं नाव लावून ठेवलं होतं, तिथे कसलाच विनिमय झाला नाही.

लोडशेडिंग
वायदा हा फ्युचर्सला चालेल. डेरिव्हेटिव्हमध्ये ऑप्शन्सही येतात, त्यात एका बाजूला शब्द पाळण्याची सक्तीच नसते. तो कसला वायदा?

पार्ल्याची_आजी
'साधित' म्हणा. व्याकरणात डेराइव्ह्ड शब्दाला आपण साधित शब्दच म्हणतो. विजेपासून साधलेला करार तो वीज-साधित. आणि वीज म्हणा हो, 'विद्युत' कशाला? विद्युत, मग प्राकृतात विज्जु, मग वीज. दोन हजार वर्षं घासून गुळगुळीत झालेला शब्द टाकून परत खडबडीत दगड उचलायचा!

जुनं_खोड
आजी, तुमच्या वीज-साधिताला बाजारात कोण ओळखणार? परिभाषा एकट्या शब्दाची नसते, कुटुंबाची असते. विनियम, विनियमन, विनियामक, अविनियमित. नियामकावरून 'डीरेग्युलेटेड' करून दाखवा.

पार्ल्याची_आजी
'मोकाट'.

लोडशेडिंग
आजींना साष्टांग. अमेरिकेत अगदी तेच झालं होतं. डिसेंबर २००० च्या कायद्याने बड्या व्यापाऱ्यांचे ऊर्जेचे ऑनलाइन सौदे बहुतेक देखरेखीतून वगळले. एन्रॉन या तिथल्या ऊर्जा कंपनीवरून त्याला नावच पडलं 'एन्रॉन लूपहोल'. ते बुजवायला २००८ उजाडलं. नव्या बाजाराने कुठली रचना निवडावी, हा प्रश्न तिथे बरीच वर्षं 'कमीत कमी देखरेख कुठे' असाच विचारला जायचा.

पार्ल्याची_आजी
एन्रॉनचं मला नका सांगू, माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. त्यांचा वीजप्रकल्प आमच्या अंजनवेलला, नाव खाडीपलीकडच्या दाभोळचं. आमच्याकडे त्या काळात 'एन्रॉन' हे क्रियापद होतं. कुणी महागाचा माल गळ्यात मारला की 'एन्रॉन केला' म्हणायचे. लूपहोलला 'पळवाट' म्हणाल, पण पळवाट पळणारा शोधतो. ही तर कायद्यात मुद्दाम ठेवलेली. आमच्या कुंपणाला गडग्यात मुद्दाम ठेवलेल्या फटीला 'बेडं' म्हणायचे, तसं काहीतरी हवं.

खोडरबर
आमच्या मालवणात बेडं म्हणजे फाटक. फट नव्हे.

पार्ल्याची_आजी
तुमच्या मालवणात असेल.

काळबादेवीचा
मघापासून एक सलतंय. लोडशेडिंगराव 'वायदे बाजार आयोग' लिहितात. आम्ही जन्मभर 'वायदा बाजार' म्हणत आलो. अनेकवचन कशाला?

जुनं_खोड
ते अनेकवचन नाहीच. मराठीत घोडा, डबा अशा आकारान्त पुल्लिंगी शब्दाला समासात 'ए' होतो. घोडेस्वार, आंबेहळद, पैसेवाला, सट्टेबाज. तसाच वायदेबाजार, एकत्र लिहायचा. 'वायदा बाजार' ही हिंदीची नक्कल. मुंबईत 'डबेवाल्या'चा 'डब्बावाला' झाला तो याच रोगाने.

खोडरबर
मग चहावाल्याला चहेवाला म्हणू का? रिक्षावाल्याला रिक्षेवाला?

जुनं_खोड
रिक्षा स्त्रीलिंगी. चहाचं 'चह्याचा' होत नाही, 'चहाचा'च राहतं, म्हणून तो नियमाबाहेर. भाडेकरू यात मोजू नका, भाडं मुळातच नपुंसकलिंगी.

काळबादेवीचा
आजोबा 'वायदा बाजार'च म्हणायचे. त्यांच्या पेढीवर निम्मे गुजराती, निम्मे मारवाडी. मुंबईच्या बाजाराची भाषा कधी निव्वळ मराठी होती? पेढीवरच्या बोलीला रोग म्हणू नका, काका.

पार्ल्याची_आजी
मसालेभात म्हणता ना? मसालाभात नाही म्हणत. मग झालं.

खोडरबर
माटुंग्याला जाऊन 'एक मसालेडोसा' मागून बघा, आजी.

पाटीपुस्तक
सगळ्यांचे आभार. मान्यता आणि नोंदणी दुरुस्त केलं. 'नियामक' ठेवलंय, 'विनियम' परत आणलेत आणि मुद्रितशोधकाला फोनवरून स्पेलिंग सांगितलंय. एक्स्चेंजला 'बाजार' केला होता, तर कंपनीचा निरोप आला की 'बाजार' हलकं वाटतं, 'एक्स्चेंज'च ठेवा. 'स्ट्रक्चर'चं अजून कुणीच सांगितलं नाहीये. उद्या दुपारी द्यायचंय.

लोडशेडिंग
चौकट लिहा.

जुनं_खोड
चौकट म्हणजे फ्रेमवर्क. स्ट्रक्चर म्हणजे संरचना. आणि खोडरबर, डोसा कानडी-तमिळकडून आला, त्याला आपला नियम लागत नाही.

खोडरबर
डोसा आला असेल, मसाला तर आपल्याकडचाच ना?

पार्ल्याची_आजी
मसाला अरबी. वायद्यासारखाच.