बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका: चढ २ का चुकतो?

बारावी, दादर: वक्र य = क्ष². (१, −३) मधून जाणारी स्पर्शिका हवीय. डेरिव्हेटिव्ह २क्ष, त्यात क्ष = १ ठेवून चढ २ आला. उत्तर जुळत नाही.

उत्तर: अरे, तो बिंदू वक्रावर आहे का ते आधी बघ. १² म्हणजे १, −३ नव्हे. २क्ष चढ देतो तो स्पर्शबिंदूपाशी. स्पर्शबिंदू (अ, अ²) धर, तिथे चढ २अ, मग स्पर्शिका य = २अ·क्ष − अ². त्यात (१, −३) घाल: अ² − २अ − ३ = ०, अ = ३ किंवा −१. चढ ६ आणि −२. स्पर्शिका दोन!

दुसरं उत्तर: ताळा करून घे. ६क्ष − ९ आणि −२क्ष − १, दोन्हींत क्ष = १ ला −३ येतं.

बारावी, दादर: पण स्पर्शिका वक्राला एकदाच भेटते ना?

उत्तर: पॅराबोलाला (य = क्ष² सारख्या वक्राला), हो. पण सगळ्याच वक्रांना नाही. य = क्ष³ ला (१, १) पाशी काढ: ३क्ष − २. ती (−२, −८) मध्ये खुशाल कापते.