स्थलांतरितांनी घडवलेलं देशाचं गाणं आणि नाच : तुमचे अनुभव लिहा

टँगो म्हटलं की अर्जेंटिना, स्टीलपॅन हे पिंपाच्या पत्र्याचं वाद्य म्हटलं की त्रिनिदाद, सेगा हा नाच म्हटलं की मॉरिशस. तिन्ही आज त्या त्या देशाची ओळख आहेत आणि तिन्ही बाहेरून आलेल्या माणसांच्या हातापायांतून घडले. मला यात सगळ्यात जास्त खटकतो आणि खुणावतोही तो क्रम. आधी सभ्य घरांनी नाकं मुरडली, कुठे सरकारने बंदी घातली, आणि मग तेच वाजवणं-नाचणं राष्ट्राचं म्हणून मिरवलं गेलं. नेमकं बदलतं काय आणि कधी?

तुमच्यापैकी बरेच जण अशा देशांत राहिलात, काही जण तिथेच जन्मलात. सहलीची माहिती नको. शेजारी, सहकारी, घरची माणसं यांच्याबद्दल लिहा.

मॉरिशसहून

माझा जन्म इथलाच. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. 1834 पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर इथे उतरली, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरून. 2006 पासून तो घाट जागतिक वारसास्थळ आहे. त्या दगडी पायऱ्यांपाशी गेले की मला अजूनही पटकन बोलता येत नाही.

गणपतीत आमच्याकडे झाकरी होते. मध्ये ढोलकी आणि झांजा, भोवती गोल. तुमच्या कोकणातल्या जाखडीचीच ही बहीण. नाचणाऱ्या मुलांना गाण्यातला शब्दन् शब्द कळतो असं नाही, घरी सगळे क्रिओल ही इथली फ्रेंचमधून घडलेली बोली बोलतात. पण पाय बरोबर पडतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, त्यामुळे विसर्जन बघायला आलेल्यांत चिनी वंशाचे दुकानदार आणि शाळेतल्या आफ्रिकी वंशाच्या क्रिओल बाईही असतात.

सेगाचं मात्र आमच्या घरात अवघड होतं. तो आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा नाच. रावान नावाची बकऱ्याच्या कातड्याची मोठी डफासारखी चकती जाळावर तापवून वाजवतात आणि पाय जमिनीवरून फारसे न उचलता नाचतात. आजी म्हणायची, “चांगल्या घरच्या मुली तिथे जात नाहीत.” ती वाईट नव्हती. मळ्यावर प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी हवं असायचं, तिने तेच पाहिलं होतं. माझ्या लग्नात विधी आटोपल्यावर भावाच्या मित्रांनी रावान काढले. आधी चुलत भाऊ उठले, मग मावश्या, शेवटी आजी खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरकवू लागली.

युनेस्कोच्या यादीत पारंपरिक सेगा 2014 मध्ये गेला आणि भोजपुरी बायकांचं लग्नातलं गीत-गवाई 2016 मध्ये. मला या दोन तारखा शेजारी शेजारी बघायला आवडतात. पुण्यात शिकताना मैत्रिणी विचारायच्या, तू भारतीय की आफ्रिकन? मी म्हणायचे, नाचायला या, मग बघा.

त्रिनिदादमध्ये नोकरीनिमित्त राहिलेला एक इंजिनिअर

पॉइंट लिसासच्या कारखान्यात होतो. एका सहकाऱ्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो. आदल्या शुक्रवारी माटीकोर हा लग्नाआधीचा विधी असतो. तिथे फक्त बायका, ढोलक आणि मोकळीढाकळी गाणी. पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून मी रस्त्यावरूनच ऐकलं. चटनी संगीत, म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांचं नाचतं गाणं, बरंचसं याच अंगणातून बाहेर पडलं. 1970 च्या सुमारास सुंदर पोपो यांनी ते रेकॉर्डवर लोकप्रिय केलं आणि 1987 मध्ये द्रुपती रामगुनाई यांनी त्याला सोका या तिथल्या कार्निव्हलच्या नाचत्या संगीताची जोड दिली. बायकांनी हे गाणं उघड्या मंचावर आणलं तेव्हा भारतीय वंशाच्याच वडीलधाऱ्यांनी धर्म बुडाला म्हणून आरडाओरडा केला. धागाकर्त्याने नाकं मुरडणाऱ्यांचा विषय काढलाय म्हणून सांगतो : ते नेहमी दुसऱ्याच वंशाचे असतात असं नाही.

स्टीलपॅनची गोष्ट याहून कडवट. 1881 च्या कार्निव्हलमध्ये पोलीस आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांच्यात दंगल झाली, त्यानंतर इंग्रज सरकारने ढोलांवर निर्बंध आणले. लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, मग बिस्किटांचे डबे, आणि शेवटी तेलाची पिंपं. पिंपाच्या पत्र्यावर हातोडीने खळगे पाडून त्यातून सूर काढायचे, हे मी एका पॅनयार्डात, म्हणजे पथकाच्या सरावाच्या अंगणात, उभं राहून पाहिलंय. वाद्य लावणारा एकेक खळगा ठोकत, कान लावत, पुन्हा ठोकत होता. 1992 मध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य ठरलं. सहकाऱ्याचे वडील मात्र म्हणायचे, “मग आमचं हार्मोनियम आणि धनताल कोणाचं?” (धनताल म्हणजे लोखंडी सळीचं तालवाद्य.) 1845 ला भारतीय मजुरांचं पहिलं जहाज आलं, आज एक तृतीयांशाहून जास्त लोक भारतीय वंशाचे. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. वाटतो.

लग्नातलं ताशापथक मिश्र होतं, झांज एका आफ्रिकी वंशाच्या पोराकडे. तिथे कोणालाच त्याचं नवल नव्हतं.

मुंबईहून, इतिहासाची विद्यार्थिनी

एक विनंती. गुलाम म्हणून आणलेल्यांना सरसकट स्थलांतरित म्हणू नका. करारावरच्या मजुराची फसवणूक झाली असेल, पण कागदावर त्याच्या कराराला मुदत होती आणि नाव नोंदलेलं होतं. गुलामाला विकलं जात होतं. सेगा आणि चटनी दोन्ही मळ्यांवरच वाढले, तरी त्यांच्या वेदनेची जात वेगळी आहे, आणि ती ऐकूही येते.

हेगहून

इथे सुरिनामचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या एके काळच्या डच वसाहतीचे, हिंदुस्तानी लोक भरपूर. त्यांचे पूर्वज 1873 पासून भारतातून सुरिनामला गेले आणि 1975 च्या आसपास, देश स्वतंत्र होताना, हजारो कुटुंबं नेदरलँड्सला आली. दोनदा देश बदलला तरी बैठक गाना सोबत राहिलं : हार्मोनियम, ढोलक, धनताल, एवढंच. शेजारच्या काकांच्या साठीला रात्रभर ऐकलं. नातवंडं आपसात डच बोलत होती आणि अंतरा आला की सगळी एकदम गात होती.

टेक्सासहून

अकॉर्डियनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांबरोबर हे वाद्य आणि पोल्का इथे आले. मेक्सिकन शेतमजुरांनी ते उचललं, सोबत बाहो सेक्स्तो ही बारा तारांची गिटार घेतली आणि कोन्हुंतो हे इथलं मेक्सिकन नाचसंगीत उभं राहिलं. त्यातले अकॉर्डियनवादक नार्सिसो मार्टिनेझ यांच्या रेकॉर्ड 1936 पासूनच्या. मुलीच्या मैत्रिणीच्या पंधराव्या वाढदिवसाला सगळा हॉल पोल्का नाचत होता आणि त्यात जर्मन माणूस एकही नव्हता.

ब्वेनोस आयर्सहून

मी इथे भाषा शिकवते आणि जमेल तेव्हा मिलोंगाला, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्याला, जाते. पहिल्यांदा ज्या आजोबांनी मला टँगोतला चालण्याचा ठेका शिकवला त्यांचे आजोबा इटलीतल्या जेनोव्हाहून बोटीने ला बोका या इथल्या बंदरवस्तीत उतरलेले. 1853 च्या राज्यघटनेत युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्यावं असं लिहिलंय, कलम 25 मध्ये. लाखो आले. टँगोतलं बँडोनियन हे अकॉर्डियनसारखं जर्मन वाद्य, हबानेरा नाचाचा ठेका क्युबाचा, आणि बंदरालगतच्या वस्त्यांत नाच रुजला. इथल्या श्रीमंतांनी तो दारात उभा केला नाही. पहिल्या महायुद्धाआधी पॅरिस त्यावर भाळलं, तेव्हा तो त्यांना आपला वाटला.

मुंबईच्या ताईंचं म्हणणं इथे फार लागू आहे. टँगोच्या मुळाशी कांदोंबे हे ढोलांवरचं नाचगाणं आहे, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचं. पण शाळेत इटालियन आणि स्पॅनिश आजोबांबद्दलच शिकवतात. देशाने संगीत ठेवून घेतलं आणि माणसं गोष्टीतून गाळली. मला याचा राग येतो.

आणि तोच क्रम आज माझ्या डोळ्यांदेखत चालू आहे. बोलिव्हिया आणि पराग्वेहून आलेल्या लोकांबद्दल, त्यांच्या कुंबिया या नाचसंगीताबद्दल, सुशिक्षित लोक अगदी तेच बोलतात जे शंभर वर्षांपूर्वी टँगोबद्दल बोललं जायचं. ऑक्टोबरमध्ये चारुआ वस्तीत कोपाकाबानाच्या माउलीचा, म्हणजे बोलिव्हियन लोकांच्या मेरीमातेचा, उत्सव असतो. दिवसभर बोलिव्हियन पथकं रस्त्यावर नाचतात. त्यांतला मोरेनादा हा नाच आफ्रिकी गुलामांच्या आठवणीतून आला असं मानतात. जड पोशाख, मुखवटे, करकरणाऱ्या खुळखुळ्यांचा ठेका. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्यात नाचतात, दोघी इथेच जन्मलेल्या. वर्गात मात्र त्या हे कोणाला सांगत नाहीत.

इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी ऑक्टोबरमध्ये शहरात असेल तर लिहा. मी दोन्ही मुलींना विचारून सगळ्यांना घेऊन जाईन.