पीटीच्या तासाला मुलं हलतात किती?

बी-३०२: शनिवारी शाळेत पालकसभा आहे, म्हणून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आधीच लिहिते. परवा शाळेत गेले तेव्हा मुलीच्या नववीच्या वर्गाचा पीटीचा तास चालू होता. कुंपणापाशी थांबून बघत राहिले. तास ४० मिनिटांचा, त्यातली १० हजेरीत आणि रांगा लावण्यात गेली. मग लांब उडी. पन्नासेक मुलं, खड्डा एकच. माझ्या मुलीचा नंबर दोनदा लागला. बाकी वेळ ती बुटाच्या टोकाने माती उकरत उभी होती.

ए-१०४: ताई, आमच्या मुलाचा तर तासच होत नाही. परीक्षा आली की गणिताचे सर मागून घेतात.

सी-५०१: दहावीचं वर्ष आहे, तास गणिताला गेला तर मला वाईट वाटत नाही. खेळायला आयुष्य पडलंय.

बी-३०२: काका, हाडांना तेवढा वेळ नसतो हो. उड्या मारल्या, धावलं की हाडावर भार येतो आणि हाड भरतं. हा साठा बहुतेक सगळा विशीपर्यंतच होतो, पुढे नुसता सांभाळायचा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या १६ लाख मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये छापली. ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत, मुलींमध्ये ८५ टक्के.

ए-२०३: मी पीटीच शिकवायचे, म्हणून सांगते, सरांवर राग काढू नका. पन्नास मुलं आणि चेंडू दोन असले की रांगच लागते. पण ती मोडता येते. मी सहा-सात जणांचे गट करायचे. एका कोपऱ्यात दोरीच्या उड्या, दुसरीकडे तिघं विरुद्ध तिघं फुटबॉल, तिसरीकडे पळत जाऊन खुणेला शिवून यायचं. पाच मिनिटांनी शिट्टी, की गट पुढे सरकला. कोणी उभं राहत नाही. आणि कॅप्टनला संघ निवडू देऊ नका. सगळ्यांत शेवटी उरलेलं मूल पुढच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसतं. अशी किती मुलं बघितली मी.

सी-६०४: मुलींचं अजून एक आहे. माझी सहावीपर्यंत सगळ्यांच्या पुढे पळायची. पाळी सुरू झाली तेव्हापासून पीटीच्या दिवशी चिठ्ठी मागते. गणवेशाची पँट फिकट रंगाची, डाग पडेल ही धास्ती, आणि कपडे बदलायला जागा नाही. गडद ट्रॅक पँट चालेल का, एवढं विचाराल? मला सभेत उठून बोलायला जमत नाही.

बी-३०२: विचारते. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा.

सी-५०१: शाळांमधल्या अशा उपक्रमांचा फरक थोडाच पडतो, असं मी वाचलंय. माझा मुलगा फोन खाली ठेवेल तर ना.

ए-२०३: बरोबर वाचलंत. एकट्या शाळेवर सोडलं तर थोडाच पडतो. म्हणून शाळेत चालत जाणं, संध्याकाळी खाली उतरणं, हे घरून व्हायला हवं. ६० मिनिटं एका दमात लागत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी चालतात.

डी-१०२: आईच्या फोनवरून लिहितोय, मी अकरावीत आहे. आम्हालापण विचारा ना. धावण्याच्या वेळा सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. शेवटचा आलो की आठवडाभर चिडवतात. शाळेच्या टीममध्ये पंधरा जण, बाकीचे टाळ्या वाजवायला. शाळा सुटल्यावर अर्धा तास मैदान उघडं ठेवलं, बॅडमिंटनचं नेट लावलं आणि नंबर-बिंबर काढले नाहीत, तर आम्ही येऊ. मुलींना नाच हवाय, तोपण ठेवा.

ए-२०३: बाळा, हे सभेत तूच येऊन सांग.

सी-५०१: परीक्षेच्या महिन्यात तरी सूट द्या.

बी-३०२: काका, त्या महिन्यात मुलं दिवसभर खुर्चीत असतात. तेव्हाच तास काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुमचं म्हणणंही मांडू, पण माझं मत हे आहे.

बी-३०२: आणि हो, मुलगी विचारतेय, मैदान उघडं राहिलं तर कोण कोण येणार? नावं लिहून घ्यायला बसलीय.

डी-१०२: मी आणि माझे दोन मित्र. तिसऱ्याला विचारून सांगतो.

सी-६०४: माझीचं नाव लिहा. ट्रॅक पँट चालली तर.