फुरिगानाच्या पलीकडचा मजकूर

कांजीशेजारी (जपानीतील चिनी चित्राक्षरांशेजारी) फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक काना अक्षरे, छापलेली असल्यामुळे आत्मकथनपर मांगा (जपानी चित्रकथा) जपानी शिकणाऱ्या नवशिक्यांच्या वाचनगटाला सोपा जातो, हे मत मला अर्धेच पटते. पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतील छापील संवादांपुरते ते खरे आहे; परंतु चित्रकार स्वतःविषयीचे तिरकस शेरे बहुधा फुग्याबाहेर, बारीक हस्ताक्षरात लिहितो आणि तेथे फुरिगाना सहसा नसते. हिगाशिमुरा अकिको यांच्या, २०१५ चा मांगा ताइशो पुरस्कार मिळालेल्या पाच खंडांच्या ‘काकुकाकु शिकाजिका’ या आत्मकथनपर मांगामध्ये तर जपानच्या मियाझाकी प्रांताची बोलीही आहे, जी पाठ्यपुस्तकात भेटत नाही. आमच्या गटात त्या आठवड्याचे प्रकरण ज्याच्याकडे असेल, तो हे हस्तलिखित शेरे आधीच टंकून सर्वांना पाठवतो. काम कंटाळवाणे खरे, पण त्यानंतर चर्चा अक्षरे लावण्यात न अडकता लेखिकेच्या स्वतःकडे पाहण्याच्या दृष्टीवर होते.