प्रतिसाद: अंतराळवीराचे चित्र, हेल्मेट आधी की धड?

अंतराळवीराचे चित्र काढताना हेल्मेट आधी रेखाटावे की धड, असा प्रश्न एकाने विचारला आहे. माझ्या मते सुरुवात धडापासून करावी, कारण आत हवेचा दाब असल्यामुळे पोशाख फुगलेला व ताठर असतो आणि ठळक वळ्या मुख्यतः कोपर, गुडघा अशा सांध्यांपाशीच दिसतात. वजनरहित अवस्थेत हात आपोआप किंचित वाकून पुढे तरंगतात, म्हणून ते खाली लोंबकळते काढू नयेत (ही चूक मीही पुष्कळदा केली आहे). खरी गंमत हेल्मेटच्या सोनेरी काचेत आहे. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेले अंतराळवीर ऑल्ड्रिन यांच्या तिथल्या प्रसिद्ध छायाचित्रात चेहरा दिसतच नाही. दिसतात ते काचेत प्रतिबिंबित झालेले त्यांचे सहकारी आर्मस्ट्राँग आणि चंद्रावर उतरलेले त्यांचे यान. तेव्हा नाकडोळ्यांऐवजी वक्र क्षितिज रेखाटावे व काचेची चमक दाखवायला एक ठिपका कोराच ठेवावा.