मदत हवी आहे: फ्रीजमधली पेप्टाइडची कुपी आणि आईचा कोलॅजनचा डबा

नमस्कार. मी फोंड्याला राहते. आमच्या फ्रीजच्या दारातला वरचा कप्पा गेली अनेक वर्षे बाबांच्या इन्सुलिनसाठी राखून ठेवलेला आहे. गेल्या आठवड्यात त्याच कप्प्यात मला रबरी बुचाची एक छोटी काचेची कुपी दिसली. तिच्या तळाशी पांढरी पूड चिकटलेली होती आणि वर ‘बीपीसी-१५७, केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापलेला होता.

शिक्षणासाठी आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भाच्याची ती कुपी निघाली. तो फुटबॉल खेळतो. जूनमध्ये चिखलात पाय मुरगळून त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट दुखावले आणि जिममधल्या कोणीतरी त्याला हे इंजेक्शन सुचवले. अजून टोचलेले नाही, असे तो सांगतो. मी हटकल्यावर म्हणाला, “मावशी, पेप्टाइडच तर आहे. आजोबांचे इन्सुलिनही पेप्टाइडच ना? आणि आजी रोज दुधातून घेते तेसुद्धा.”

त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे आणि म्हणूनच मला त्याची अधिक भीती वाटते. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्यावरून गुण किंवा सुरक्षितता काहीच कळत नाही. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात, ते तोंडाने घेतल्यास पाचकरस त्याचे तुकडे करतात म्हणून टोचावे लागते, आणि १९२१ मध्ये त्याचा शोध लागल्यापासून ते माणसांवर पारखले गेले आहे. बीपीसी-१५७ मध्ये १५ अमिनो आम्ले आहेत, परंतु त्यावरचे बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२२ पासून त्याचा निषिद्ध यादीत समावेश केला आहे. शिवाय अशा कुपीत खरोखर काय आहे आणि ते निर्जंतुक आहे का, याची हमी कोण देणार?

आईचे प्रकरण त्या मानाने सौम्य आहे. तिचा डबा माशांच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजनच्या, म्हणजे त्वचा-हाडांत असणाऱ्या प्रथिनाच्या, भुकटीचा आहे. पचनानंतर त्यातले दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे रक्तात पोहोचतात, आणि रोज अडीच ते दहा ग्रॅम प्रमाणात दोन-तीन महिने घेतल्यावर त्वचेचा ओलावा थोडा वाढल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. मात्र त्यांपैकी अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादकांनीच केलेला आहे. आई ती भुकटी श्रावणात नुस्त्याऐवजी, म्हणजे मासळीऐवजी, प्रथिन म्हणून घेत होती. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्लच नसते, त्यामुळे डाळ-उसळीची जागा ते घेऊ शकत नाही. डब्यावरची मांसाहाराची तपकिरी खूण मी बोट ठेवून दाखवली, तेव्हा ती काहीही न बोलता उठली आणि डबा वरच्या फळीवर ठेवून आली. श्रावण संपल्यावर तो पुन्हा खाली येईल, हे मला ठाऊक आहे.

मी स्वतः चेहऱ्याला तांबेयुक्त पेप्टाइडचे निळसर सीरम लावते. ते वरवरचे असल्याने त्याची मला विशेष काळजी नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पणजी, मडगाव किंवा बांबोळी येथे खेळाडूंच्या दुखापती पाहणारे आणि भाच्याशी न रागावता बोलणारे डॉक्टर कोणाच्या परिचयाचे आहेत का? लिगामेंटच्या दुखापतीनंतर केवळ फिजिओथेरपीने मैदानावर परतलेल्या कोणी आपला अनुभव लिहील का? तो माझ्यापेक्षा एखाद्या खेळाडूचे लवकर ऐकेल. आणि आईचे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले प्रमाण, मर्यादेच्या किंचित वर आहे. अशा वेळी कोलॅजनबाबत आपल्याला किडनीच्या डॉक्टरांनी काय सांगितले, तेही कळवावे.

कुपी सध्या माझ्या कपाटात कुलूपबंद आहे. शनिवारी माझी बहीण येणार आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.